त्याच्या गावी जायचं, पण कोणत्या कागदावर?

वाचक लिहिते:

ताई, मी २९ वर्षांची फिजिओथेरपिस्ट आहे. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, घेतल्यापासून पुण्यात एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात काम करते. चाकणला दोन वर्षांच्या कामासाठी आलेला एक जर्मन इंजिनिअर आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये भेटला. गेल्या मे महिन्यात तो स्टुटगार्टला परत गेला. रोज बोलणं होतं. तो म्हणतो, ‘तू इकडे ये, काम शोध, आपण एकत्र राहू, लग्नाचं पुढे बघू.’ आईला सगळं माहीत आहे. ती म्हणते, लग्न करून जा, नाहीतर जाऊ नकोस. बाबांना तो गणपतीत जेवायला आलेला मित्र एवढाच माहीत आहे. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. मैत्रिणी म्हणतात, रजिस्टर लग्न उरकून टाक, व्हिसा मिळून जाईल. माझं जर्मन ए-२ पर्यंत, म्हणजे सहा पायऱ्यांतल्या दुसरीपर्यंत (ए-१, ए-२, मग बी-१, बी-२ अशा), झालंय. मी जाऊ का? आणि जायचं तर कशी?

उत्तर:

जा, असंच मी म्हणेन. दोन वर्षं तुम्ही एका शहरात होतात, तो तुमच्या घरी पंगतीला बसून जेवलाय, आईपासून तू काही लपवलेलं नाहीस आणि पत्रभर कुठेही ‘तो मला सांभाळेल’ असं लिहिलेलं नाहीस. नातं पुढे कसं जाईल हे बाहेरच्या माणसाने सांगू नये, पण पाया मला बरा वाटतो. खरा प्रश्न आहे तो तुझ्या शेवटच्या वाक्यातला, कशी जाऊ हा. त्यावर माझं मत स्पष्ट आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून जा, स्वतःच्या कामाच्या परवान्यावर जा. लग्न दोघांना हवंसं वाटेल तेव्हा करा, व्हिसा सुटावा म्हणून करू नका. याला वर्ष-दीड वर्ष लागेल. रोज फोनवर बोलून दिवस काढणाऱ्या मुलीला दीड वर्ष म्हणजे काय, हे मला कळतं. तरीही मी हेच सांगणार आहे, आणि का ते सविस्तर सांगते.

तुझ्या मैत्रिणी अर्धी गोष्ट सांगतायत. स्वीडनसारख्या देशात लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही राहण्याचा परवाना मिळतो. जर्मनीत एरवी तसं होत नाही. तिथे लग्नाशिवाय कितीही वर्षं एकत्र राहणं समाजाला मान्य आहे, जवळपास तीनातलं एक मूल लग्न न केलेल्या आईबापांच्या पोटी जन्मतं, पण परदेशातून येणाऱ्या माणसाला व्हिसा देताना नुसत्या प्रेमाच्या नात्याची दखल घेतली जात नाही. म्हणून तुझ्यापुढे दोनच खरे रस्ते आहेत. त्याची पत्नी म्हणून जायचं, नाहीतर आपल्या शिक्षणाच्या आणि कामाच्या जोरावर.

पहिला रस्ता कागदावर खरोखरच सोपा आहे, हे मी नाकारत नाही. जर्मन नागरिकाच्या पत्नीला व्हिसासाठी ए-१ पातळीचं जर्मन पुरतं, ते तू कधीच ओलांडलंयस. परवाना मिळाला की पहिल्या दिवसापासून कुठेही नोकरी करता येते. तो सरकारी आरोग्य विम्यात असेल तर तुझी स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत वेगळा हप्ता न भरता तू त्याच्या विम्यात येतेस. संसार तिथे चालू असेल, जर्मन बी-१ झालं असेल, तर तीन वर्षांनी कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.

पण या परवान्याचा आधार तो संसार असतो. तुम्ही वेगळे झालात, तर तुला स्वतःच्या हक्काचा परवाना मिळायला तो संसार जर्मनीत किमान तीन वर्षं झालेला असावा लागतो. छळ, मारहाण अशा गोष्टींसाठी कायद्याने या तीन वर्षांच्या अटीला अपवाद ठेवलाय. ‘आमचं पटलं नाही’ या कारणासाठी अपवाद नाही, आणि बहुतेक नाती याच साध्या कारणाने संपतात. तोवर तुझी पदवी तिथे मान्य झाली असेल, हातात नोकरी असेल, तर परवान्याचा प्रकार बदलून राहता येतं. म्हणजे तेव्हाही तुला तारणार आहे ती तुझी नोकरीच.

मला काळजी वाटते ती लग्न मोडण्याची नाही. ते टिकलं तरी ही अट घरात कशी नांदते, त्याची वाटते. नवीन देशात पहिलं वर्ष कुणालाही जड जातं. त्यात रात्री एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून वाजलं आणि बाईच्या मनात पहिला विचार ‘आता माझ्या परवान्याचं काय’ असा आला, की ती भांडायचंच सोडून देते. जे खटकतं ते गिळते. नवऱ्याला वाटतं, सगळं छान चाललंय. नवरा वाईट असावा लागत नाही, दोघांतला एक जण दुसऱ्याच्या कागदावर त्या देशात राहतोय एवढं पुरतं. तुला रागावता आलं पाहिजे, दार आपटून फिरायला निघून जाता आलं पाहिजे, आणि परत येऊन समेटही करता आला पाहिजे. स्वतःच्या परवान्यावर असलीस तर हे सगळं नेहमीच्या जोडप्यासारखं होईल.

आता तुझ्या कामाकडे वळते. इथे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. जर्मनीत सॉफ्टवेअरवाल्याला आपल्या पदवीवर सरळ नोकरी धरता येते. फिजिओथेरपिस्टचं तसं नाही. डॉक्टर, नर्स यांच्यासारखाच हा तिथे नियंत्रित व्यवसाय आहे. सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय तुला स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून काम करता येणार नाही, मग व्हिसा कुठलाही असो. हे नीट लक्षात घे. उद्या लग्न करून गेलीस तरी तुझ्या कामाची मान्यता मिळवायला तेवढाच वेळ लागणार आहे. फरक एवढाच, की ते महिने तू पुण्यात पगार घेत काढणार, की स्टुटगार्टच्या फ्लॅटमध्ये त्याच्या पगारावर. मी पुण्याला मत देते.

मान्यता म्हणजे तुझं शिक्षण आणि तिथलं शिक्षण शेजारी ठेवून पाहणं. तिथे हा बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्यात २,९०० तास वर्गातलं व प्रात्यक्षिकाचं शिक्षण आणि १,६०० तास रुग्णांवरचं काम असं ठरलेलं आहे. तू केलेली साडेचार वर्षांची बीपीटी त्यापुढे कमी नाही, पण ते तासांत दाखवावं लागतं. नुसत्या गुणपत्रिकेने भागत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, विषयवार तासांसकट अभ्यासक्रम, इंटर्नशिपचा दाखला, आपल्या राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी, आणि हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र. त्या पत्रात ‘इथे कामाला होती’ एवढंच नको. गुडघा बदलल्यानंतरचे रुग्ण, पाठीच्या मणक्याचे रुग्ण, आठवड्याला किती तास, कोणत्या पद्धती वापरल्या, सगळं आलं पाहिजे. शिक्षणातली तूट अनुभवाने भरून निघालेली धरता येते, म्हणून हे पत्र नीट लिहून घे. मग अधिकृत अनुवादकाकडून जर्मन भाषांतर.

अर्ज ज्या राज्यात काम करायचं तिथे जातो. स्टुटगार्टसाठी तो बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याच्या स्टुटगार्ट इथल्या प्रशासकीय कार्यालयाकडे जाईल. कागद पुरे झाले की तीन-चार महिन्यांत निर्णय द्यायचा असा नियम आहे, पण कागद ‘पुरे’ व्हायलाच खरा वेळ जातो. बहुधा उत्तर येईल की अमुक विषयांत तूट आहे. तिथल्या शिक्षणात मसाज आणि पाण्यातल्या उपचारांवर भर असतो, आपल्याकडे तो तेवढा नसतो. तसं पत्र आलं तर रडू नकोस, ती नापासाची चिठ्ठी नसते. त्यात तुला पर्याय मिळतो. परीक्षा द्यायची, किंवा तिथल्या रुग्णालयात वा संस्थेत पूरक प्रशिक्षण पुरं करायचं. या प्रशिक्षणासाठी जर्मनीत राहण्याचा वेगळा परवाना आहे, आणि तोच तुझा रस्ता व्हावा असं मला वाटतं. परदेशात बसून अर्ज करणाऱ्यांसाठी जर्मन सरकारची मान्यता-सल्ला सेवा आहे, ती मोफत आहे आणि ईमेलवर इंग्रजीतही उत्तर देते. पहिलं पत्र तिलाच लिही.

मार्च २०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे. तिथला नोकरी देणारा तुझ्याशी करार करतो, तू ए-२ जर्मनवर जाऊ शकतेस आणि मान्यतेचं काम तिथे राहून पुरं करतेस. तोवर फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वतंत्र काम नाही, हाताखालचं काम. पण पगार, विमा, परवाना सगळं तुझ्या नावावर. मालक चांगला भेटला तर ही वाट झकास आहे. जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘चान्सेनकार्टे’बद्दल तू ऐकलं असशील. वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला २० तास काम करायची मुभा. त्यासाठी वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो, आणि मान्यतेविना तुला तुझ्या व्यवसायात नोकरी मिळणार नाही ती नाहीच. तुझ्यासाठी मी ते मागे ठेवीन.

एजंटांबद्दल एकच सांगते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ‘जर्मनीत नोकरी’च्या जाहिराती गल्लोगल्ली लागल्यात. लाखो रुपये आगाऊ मागणाऱ्याला, आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो म्हणणाऱ्याला, उंबऱ्यावरूनच परत पाठव.

भाषेचं काय, ते तूच लिहिलंयस. ए-२ वर प्रेम करता येतं, रुग्ण तपासता येत नाही. मान्यतेसाठी साधारण बी-२ मागतात आणि ते योग्यच आहे. विचार कर, तुझ्यासमोर खुब्याचं ऑपरेशन झालेली सत्तरीची बाई बसली आहे, आणि ती श्वाबियन बोलीत सांगतेय की कळ कुठून निघते आणि कुठवर जाते. वर्गात शिकलेलं जर्मन आणि स्टुटगार्टच्या आसपासची ही बोली यांत पुणेरी आणि मालवणीइतकं अंतर आहे. पुण्यात तू मॅक्स म्युलर भवनात बी-१ आणि बी-२ कर. नोकरी सांभाळून वर्ष लागेल, कदाचित थोडं जास्त. आणि आजपासून त्याच्याशी इंग्रजीत बोलणं कमी कर. तुमच्या नात्याची भाषा इंग्रजी आहे, म्हणजे दोघांनाही परकी, आणि त्यात एक समानता आहे. जर्मनीत गेल्यावर ती जाईल. त्याच्या आईबरोबर जेवताना, घरमालकाशी बोलताना, डॉक्टरकडे, तो तुझा दुभाषी होईल. काही दिवस ते गोड वाटतं. मग आपण लहान मूल झालोय असं वाटू लागतं. म्हणून रोजच्या फोनमधला अर्धा वेळ जर्मन ठेवा. तो कंटाळला तर तेही तुला आत्ताच कळलेलं बरं.

आता त्याच्याबद्दल. ‘लग्नाचं पुढे बघू’ हे वाक्य तुझ्या आईला लागलंय, आणि मला वाटतं तुलाही थोडं लागलंय. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्याच्या देशात ही पळवाट नाही. माणसं आधी एकत्र राहतात, वर्षानुवर्षं राहतात, मग कधीतरी लग्न करतात किंवा करतही नाहीत. त्याच्यासाठी ‘एकत्र राहू’ हाच मोठा शब्द असेल. पण त्याला हे माहीत आहे का, की तू नोकरी, आईबाप आणि शहर सोडून येणार आहेस आणि तो फक्त कपाटातला अर्धा भाग रिकामा करणार आहे? हे त्याला सांग. आरोप म्हणून नको, माहिती म्हणून सांग. त्याचं उत्तर काय येतं त्याहीपेक्षा, तो त्यावर किती दिवस विचार करतो, पुढचे प्रश्न विचारतो का, तुझ्या मान्यतेच्या फॉर्मची जर्मन पानं बसून वाचतो का, याकडे लक्ष ठेव. माझ्या मते माणसाचा इरादा अशा कंटाळवाण्या कामांत दिसतो.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघांनीही विचारलेली दिसत नाही. तूच का जायचं? तो दोन वर्षं चाकणला काम करून गेलाय. त्याच्या व्यवसायाला भारतात वेगळी मान्यता लागत नाही, त्याच्या कंपनीचं इथे काम आहे. तुझं काम तिथे नेणं अवघड, त्याचं इथे आणणं सोपं. तुमचं लग्न झालं आणि नोंदून दोन वर्षं झाली तर त्याला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्जही करता येईल. कदाचित तुलाच बाहेर पडायचं असेल, कदाचित त्याच्या आईवडिलांना त्याची गरज असेल, सगळी उत्तरं ठीक आहेत. पण मुलीने जायचं हे आपण इतकं गृहीत धरतो, की परदेशी जावयाच्या बाबतीतही ते बदलत नाही. हा प्रश्न त्याच्यापुढे ठेव. तो ‘नाही’ म्हणाला तरी चालेल, पण ‘हे मला सुचलंच नव्हतं’ म्हणून त्याने मनापासून विचार केला पाहिजे.

जायच्या आधी एकदा राहून ये. टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. तीन-चार आठवड्यांची रजा काढ, आणि जूनमध्ये जाऊ नकोस. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. दुपारी साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, पाऊस धड पडत नाही आणि थांबत नाही. तो सकाळी कामावर गेला की तू दिवसभर काय करतेस, ते बघ. एकटी ट्रॅमने जा, बेकरीत जर्मनमध्ये पाव माग, एखाद्या फिजिओथेरपी केंद्रात जाऊन ‘दोन दिवस बघायला बसू का’ असं विचार. त्याच्या इमारतीत जिन्याची सफाई आठवड्याच्या पाळीने असेल, त्या भागात ही प्रथा अजून बरीच पाळतात. ती पाळी कोण करतो, कपडे कोण धुतं, पैसे कसे वाटले जातात, हे बघ. त्याच्या मित्रांमध्ये तो तुझ्याशी कसा वागतो, तेही. पाहुणी म्हणून लाड करून घेण्याचा मोह होईल, तो टाळ. तुला त्याचा आठवडा बघायचाय, सुट्टी नाही. व्हिसासाठी खर्चाची हमी तो तिथल्या कार्यालयात सही करून देऊ शकतो, पण तुझी बचत पुरत असेल तर स्वतःचेच कागद दाखव.

तिथे गेल्यावर वेगळी खोली घे, असं मी म्हटलं असतं. स्टुटगार्टमधली भाडी आणि घरांची टंचाई बघता हे बोलणं सोपं आणि करणं कठीण आहे. पहिल्या प्रशिक्षणाच्या वेळी रुग्णालयाच्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर मात्र जरूर घे, त्याचं घर वीस मिनिटांवर असलं तरी. नाही मिळाली आणि त्याच्याकडे राहिलीस, तर घरमालकाला कळवून राहा. पत्ता नोंदवायला मालकाचं पत्र लागतं, आणि पत्ता नोंदवल्याशिवाय तिथे काहीच पुढे सरकत नाही. घंटीवर आणि टपालपेटीवर तुझं नाव चिकटवून घे, तिथे नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. भाड्यात आपला वाटा महिन्याच्या महिन्याला बँकेतून दे. आणि पुण्याच्या खात्यात परतीचं तिकीट व तीन-चार महिन्यांचा खर्च एवढी रक्कम बाजूला ठेव. तिला कशासाठीही हात लावायचा नाही, फर्निचरसाठी नाही, त्याच्या वाढदिवसासाठीही नाही. तिथे बाईवर हात उगारला जात असेल तर ११६ ०१६ हा मोफत नंबर चोवीस तास आणि अनेक भाषांत चालतो. तुझ्या पत्रात भीतीचं काही नाही, तरी परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलीला मी हा नंबर सांगते.

उद्या लग्नाचं ठरलंच, तर काही गोष्टी माहीत असू देत. पुण्यात ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होईल. दोघांपैकी एकाचा तरी जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम, मग नोटीस, नोटिशीनंतर ३० दिवस थांबणं, आणि त्याच्याकडून तो विवाहास मोकळा असल्याचा त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयाचा दाखला. म्हणजे आठवड्याच्या सुट्टीत येऊन ‘उरकून टाकण्याची’ ही गोष्ट नाही. दाखले परदेशात खरे मानले जावेत म्हणून त्यांच्यावर जो सरकारी शिक्का मारतात, त्या अपोस्टिलवर भारताच्या बाबतीत जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने आपले दाखले तिथे नुसत्या शिक्क्यावर चालतीलच असं नाही. वकिलात ते वेगळे तपासून घेऊ शकते, त्यात महिने जातात. डेन्मार्कला जाऊन पटकन लग्न करायचं आणि टुरिस्ट व्हिसावरून तिथेच राहायचं, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. लग्न वैध ठरतं, पण योग्य व्हिसासाठी बहुधा भारतात परत पाठवतात. आणि हिंदू एकत्र कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली परधर्मीयाशी लग्न केलं की ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात. गावी वडिलोपार्जित जमीन असेल तर आधी वकिलाला विचारा, सह्या झाल्यावर नको.

राहिले बाबा, ज्यांच्यापाशी तुझं पत्र अडलंय. ‘नोकरीसाठी चाललेय’ एवढंच सांगून जाऊ नकोस. ते खोटं नसेल, पण अर्धं असेल, आणि उरलेलं अर्धं त्यांना एखाद्या नातेवाइकाकडून कळेल. हृदयाच्या माणसाला धक्का नको म्हणून आपण गप्प बसतो, पण त्यांना धक्का बातमीचा कमी बसतो, सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं याचा जास्त बसतो. आईला सोबत घेऊन सांग. परवानगी मागतेय अशा सुरात नको, आणि ठरलंय अशा सुरातही नको. तुझे कागद घेऊन बस. मान्यतेचा अर्ज, भाषेचे दाखले, कोणत्या परवान्यावर जाणार, किती बचत आहे. त्यांच्या पिढीला मुलीचं ‘मी सुखी आहे’ पुरत नाही, तिचं काय होईल याचा हिशेब लागतो. तो तुझ्याकडे असेल. लग्नाआधी तिथे त्याच्याबरोबर राहणार का, असं ते विचारतील. काय ठरवलंयस ते खरं सांग. ते चिडतील, काही दिवस बोलणार नाहीत. त्याच काळात त्या मुलाने बाबांना स्वतः फोन करावा, मोडक्या मराठीत का होईना. चाकणला दोन वर्षं राहिलाय, चार वाक्यं येतच असतील.

आईचं ‘लग्न करून जा’ हे लोकलाजेपुरतं आहे असं धरू नकोस. लग्न ही तिला माहीत असलेली एकच सुरक्षा आहे. तिला तीन वर्षांचा तो नियम समजावून सांग. ज्या गोष्टीला ती सुरक्षा समजतेय, तीच पहिली तीन वर्षं तुला बांधून ठेवू शकते, हे कळलं की ती कदाचित तुझ्याच बाजूने बोलायला लागेल. आणि भावाशी आत्ताच बोल. बाबांची तपासणी, औषधं, रात्री-अपरात्री हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर कोण येणार, महिन्याला कोण किती पैसे ठेवणार. जर्मनीहून तू फोनवर डॉक्टरशी बोलू शकशील, पण बेंगळुरूहून पुण्याला तो दोन तासांत उतरू शकतो. ही जबाबदारी आपसूक मुलीची, म्हणून तिने जाऊ नये, असं तुमच्या घरात कुणी म्हणण्याआधीच वाटणी ठरवून टाक.

या आठवड्यात दोनच कामं कर. नाशिकच्या विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाक, त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. आणि रविवारी फोनवर त्याला ‘तू इकडे का येत नाहीस’ हे विचार, जमेल तितकं जर्मनमध्ये. तो काय म्हणाला ते मला लिहून कळव.